कुलपासमोरची सभा

"महिला स्वच्छतागृहाचं काम पूर्ण झालंय, ताई," नगरसेवक जगदाळे प्रभागाच्या सभेत म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

"झालंय ना, उद्घाटनाला मीच ओवाळलं तुम्हाला," कुंदा म्हणाली. बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान होतं. "पण त्या दिवसापासून दाराला कुलूप आहे. बाजारात बसणाऱ्या आम्ही बायका दिवसभर पाणी प्यायला भितो."

"बघतो."

हे 'बघतो' कुंदाने फार वेळा ऐकलं होतं. तिने आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली. "मग आत्ताच बघू. राहिलेली सभा तिथंच घेऊ." ती बाहेर पडली. मागून कुणी आलंच नाही तर? कोपऱ्यावर तिने हळूच वळून पाहिलं. भाजीवाल्या, मासेवाल्या, पेन्शनर मंडळी, सगळे डोक्यावर खुर्च्या घेऊन येत होते. सगळ्यात शेवटी जगदाळे, फोनवर किल्लीची चौकशी करत.

कुलपासमोर सभा भरली. थोड्या वेळाने नगरपालिकेचा शिपाई किल्ली घेऊन धावत आला. दार उघडलं, तर आत जगदाळेंचेच निवडणुकीचे फलक छतापर्यंत रचलेले. मग जगदाळेंनी बाह्या सरसावल्या आणि स्वतःचे हसरे चेहरे एकेक करून बाहेर काढले. कुंदानेही हात लावला.

घाम पुसून ते समारोपाला उभे राहिले, तर समोर फक्त पुरुष बसलेले. बायका केव्हाच रांगेत उभ्या होत्या, आणि रांगेत पहिली कुंदा होती.