भुरळकरांची फेरतपासणी

भुरळकर नापास झाले. पण ते दुपारी. सध्या सकाळ आहे, तेव्हा आपल्याला काहीच माहीत नाही.

संमोहनाच्या प्रयोगांमुळे लोकांनीच त्यांना हे आडनाव पाडलं होतं. आता ते कलावंत निवासाच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते आणि शेजारी त्यांची लेक नखं खात होती. निवासाचा नवा नियम असा: ज्याची कला आजच्या काळातही चालते, त्याचीच खोली राहील. बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत सामान हलवायचं. लेकीच्या घरी एकच खोली, तीत नवरा, सासू आणि जुळी. आणखी एक गादी घालायची तर ती भिंतीला उभीच टेकवावी लागली असती.

"बाबा, जरा जोरकस करा हं. हल्ली लोकांचं लक्ष लागत नाही."

"माझ्या काळी तरी कुठं लागायचं? शेंगा सोलत बसायचे."

दार उघडलं. शब्दभ्रमकार बाहेर आले. कडेवर त्यांचा बाहुला.

"काय झालं?" लेकीनं विचारलं.

"नापास. मोठ्या पडद्यावर ओठ हलताना दिसतात म्हणे."

बाहुला काहीच बोलला नाही. दुपारी भुरळकरांचा नंबर आला, तशी लेक त्यांना घेऊन आत गेली.

आत समितीचे तिघे होते. मधे अध्यक्षबाई, डावीकडे मानसशास्त्राचे प्राध्यापक, उजवीकडे मनोरंजन कंपनीतला एक तरुण. त्याचा फोन हातात नव्हता, हाताला उगवलेला होता.

"आजोबा," तरुण म्हणाला, "आजचा प्रेक्षक लगेच अंगठा सरकवतो. त्याला जागच्या जागी धरून ठेवता येईल?"

"बघू या की." भुरळकर खाकरले. "तुम्हाला झोप येणार नाही. डोळे जड होणार नाहीत. वेगळं असं काही वाटणारच नाही. तुम्ही या क्षणी आहात तसेच राहाल."

त्यांनी चुटकी वाजवली आणि हात मागे बांधले.

पंखा फिरत राहिला. लेकीनं डोळे गच्च मिटून घेतले.

"झालं?" प्राध्यापकांनी विचारलं.

"झालं."

"मला तर काहीच झालं नाही."

"मलाही," तरुण म्हणाला.

"नापास," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पुढचा."

"बाई, वय झालंय हो त्यांचं. आणखी एक संधी..." लेक म्हणाली.

"नापास. पुढचा."

खोलीत लेक रडत रडत बॅग भरत होती. "निदान कुणाचा कोंबडा तरी करायचा होता, बाबा!"

"आणि मग त्या कोंबड्याला कुणी सांभाळायचं?" भुरळकर शांतपणे मोजे शोधत होते.

तिनं घरी फोन करून टेबल बाहेर काढायला सांगितलं. नवऱ्यानं इतका मोठा सुस्कारा टाकला, की तो फोनमधून बाहेर आला.

गाडी दारात लागली, तेवढ्यात निवासाचे व्यवस्थापक धापा टाकत आले.

"भुरळकर, बॅग ठेवा खाली! त्यांना आधी सोडवा!"

"कुणाला?"

"समितीला! तिघे अजून तिथंच बसलेत. चहावाल्याला नापास केलं. मग चहाला केलं. बाईंचे यजमान न्यायला आले, तर त्यांनाही 'नापास, पुढचा'. मी मधे पडलो, तर मीही नापास. आणि विचारावं तर म्हणतात, आम्हाला काहीच झालं नाही!"

लेकीनं वळून बापाकडे पाहिलं. बाप पलंगावर टेकून बुटांच्या नाड्या सोडत होता.

"एक चुटकी वाजवली की सुटतील," भुरळकर म्हणाले. "पण नापास कलावंतानं प्रयोग करायचा नाही, हा तुमचाच नियम. त्याला समितीची परवानगी लागते."

"तोवर खोली सोडू नका, हात जोडतो!" असं म्हणून व्यवस्थापक परत पळाले, समितीसमोर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात त्यांनी अर्ज वाचला: "माननीय समितीस सविनय विनंती, की आपण अनुत्तीर्ण ठरवलेल्या सदर कलावंतास आपल्यासमोर एकदाच चुटकी वाजवण्याची परवानगी आपण कृपया द्यावी."