दहा दिवस हात लावायचा नाही

ऑफिसात कुणाला कळू नये म्हणून मी ईदच्या सुट्टीतच इस्तंबूलला टकलावर केस बसवून घेतले. ईदला बाबांच्या हाताला ओठ टेकले, पण मग तो हात आपल्या कपाळाला लावायचा आमचा रिवाज, तो पाळला नाही. नुकतीच लावलेली मुळं हलली असती.

"टकला होतास तेच बरं होतं की रे!" बाबा हसले. "असू दे, पुढच्या ईदला लाव."

नंतर सकाळ-संध्याकाळ आरसा. केस मूळ धरतायत का, एवढीच काळजी.

दोन आठवड्यांनी बाबा गेले. दफनाआधी धाकट्या बहिणीने, नेर्मिनने, त्यांचा हात उचलून माझ्या कपाळाला लावला. "किती गार पडलाय ना, दादा?"

मी 'हो' म्हणालो.

ऑपरेशनने बधिर झालेलं कपाळ अजून जागं झालं नव्हतं.