मनीचं नशीब

आईने आयुष्यभर शाळेत मुलांचे उच्चार सुधारले, आणि झटका आल्यापासून तिचीच जीभ अडखळू लागली. लेकीने तिला न्हाऊ घातलं, घास भरवले, "आई, काहीतरी बोल ना गं, पूर्वीसारखी लाडाच्या नावाने हाक तरी मार," म्हणून हातापाया पडून झालं. आई नुसती मान हलवायची. पण दुपारी दार लोटून घेतलं, की मनी मांजरीशी तिची कुजबुज सुरू व्हायची.

"खस्ता मी खायच्या आणि गुजगोष्टी त्या मांजरीशी!" लेक नवऱ्यापाशी फणफणली. "सख्खी बहीण असती तर वाटून तरी घेतलं असतं. ही कोण लागून गेली?"

एक दिवस तिच्या अंगाचा अगदी तिळपापड झाला. आज या मनीला घराबाहेरच काढते, असं म्हणत ती तरातरा निघाली आणि दाराशीच थबकली.

आई मांडीवरच्या मनीला एकेक शब्द जुळवत सांगत होती, "हसू... नको हं, मने. छ... छलुकी. नाही, नाही. छु... छुकली."

मनीने डोळे मिटून घेतले. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.



"थांब... परत म्हणते. नीट जमलं... की मगच... लेकीला हाक मारीन."