दातदुखीमुक्त

देशाचं मौखिक आरोग्य धोरण कितपत यशस्वी झालं, ते तपासायला निघालेल्या मॅडमची स्वतःचीच दाढ ठणकत होती. पण ज्या डॉक्टरांना जाब विचारायचा, त्यांच्यापुढेच आ वासून कसं बसायचं? म्हणून त्या दाढेखाली लवंग धरून दौरा रेटत होत्या.

जिथे जावं तिथे सामान नाही, माणूस नाही, असा नन्नाचा पाढा. एका दवाखान्याने मात्र कमाल केली होती. तिथे दातदुखीच्या तक्रारी पार शून्यावर आल्या होत्या, आणि धोरणाचं यश मोजायची पट्टी तीच होती.

मॅडमना बघायला दवाखान्यात ही गर्दी जमली होती. "आता खरंच कुणाचे दात दुखत नाहीत?" त्यांनी बाकावरच्या एका काकूंना विचारलं.

"दुखणार काय, कपाळ!" काकू तोंडभरून हसल्या. बाई जेमतेम चाळिशीच्या, पण तोंडाचं बोळकं झालेलं. शेजारचे काकाही हसले. त्यांचंही तेच.

"दात भरायचं सामान वरून येतच नाही हो," डॉक्टर अभिमानाने म्हणाले, "पण म्हणून आम्ही रडत बसलो नाही. आमचं आपलं एक घाव दोन तुकडे."

मॅडमचा हात नकळत गालाकडे गेला. डॉक्टरांनी ते बरोबर हेरलं.



"अहो, आधी नाही का सांगायचं?" पक्कड उचलत ते म्हणाले. "बसा, तुमचीही तक्रार शून्यावर आणून देतो."