कडीची पिन

शेंद्र्याजवळचा तलाव आटला, म्हणून ऋतुराज ट्रॅक्टर घेऊन गाळ न्यायला उतरला. वरची सुकलेली खपली फुटली आणि ट्रॅक्टरसकट तो आत गेला. क्रेनवाले आले, कडेला उभे राहिले आणि आता उपयोग नाही म्हणून निघून गेले.

त्याच्या धाकट्या भावानं, बन्सीनं, वाळूजला जाऊन स्वतःच्या पिकअपला पुढं विंच, म्हणजे दोर गुंडाळत ओढणारं यंत्र, बसवून घेतला. मिस्त्रीनं बजावलं होतं, "दोराच्या टोकाची कडी अडकवली की तिच्यात आडवी पिन घालायची. पिन नसली तर कडी ओढ धरत नाय, लगेच निसटते."

बन्सी फळीवर पालथा पडून सरकत गेला. गाळात खांद्यापर्यंत हात घालून, चाचपडत त्यानं कडी ट्रॅक्टरला अडकवली आणि मागं आला. पिकअपमध्ये ऋतुराजची बायको दीपमाला हँडब्रेक घट्ट धरून बसली होती. घरी जा म्हटलं तर ती कुणाचं ऐकत नव्हती.

बन्सीनं बटण दाबलं. दोर ताठ झाला. विंच कण्हू लागला.

"भावजी, हालतंय! ओढा!"

घाम पुसायला त्यानं खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर पिन पायाशी पडली.

त्यानं बटण सोडलं. विंच थांबला. दोर मात्र ढिला पडेना. उलट गाळातून एक हलका हिसका आला. मग, जरा थांबून, आणखी एक.

"वहिनी, कडी मोकळीच हाय! पिन लावलीच नाय मी!"

"मग ह्यांनी धरलीय," दीपमाला म्हणाली आणि तिनं हँडब्रेक सोडला.

सपाट जमिनीवर पिकअप गाळाकडं सरकू लागली.