आधी परतलेली भाषा

“माजनी कोत?” मानसिंगने पुन्हा विचारले आणि तो उत्तराच्या अपेक्षेने मनुबाईच्या तोंडाकडे पाहत राहिला.

साडेचार महिन्यांनी त्याच्या तोंडून शब्द फुटले होते. चौऱ्याण्णव साली फौजेतून निवृत्त होऊन तो इस्लामपूरजवळच्या आपल्या गावी परतला आणि तिसऱ्याच महिन्यात अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू आणि वाचा एकदमच नेली. तेव्हापासून दर मंगळवारी मनुबाई नवऱ्याला एस.टी.ने सांगलीच्या इस्पितळात आणीत होती. आज तो बोलला. पण काय बोलला, हे तिलाही कळले नाही आणि त्याला बोलते करू पाहणाऱ्या स्वप्नाबाईंनाही नाही. स्वप्नाबाईंनी गाय, तांब्या, कंदील अशी टेबलावर मांडलेली चित्रे बाजूला सारली.

“ही मराठी नाही. हिंदीही वाटत नाही. फौजेत कुठे असायचे हे?”

“आसामात. टरक चालवायचे. दोनदा बदली झाली तिकडं. समदी मिळून नऊ वरसं.”

“मग तिकडचीच असेल. येऊ द्या. मात्र जी भाषा आली आहे तिच्यातच त्यांना कोणीतरी उत्तर दिले पाहिजे. उत्तर मिळाले नाही, तर तीही पुन्हा मिटेल.”

मनुबाईला आनंद झाला. पण तो पुरता झाला नाही. पहिल्याच आठवड्यात स्वप्नाबाईंनी तिला समजावले होते की गेलेली वाचा परतते तेव्हा माणूस ज्या भाषेत घर करून राहिला, लाड केले, रुसला, ती बहुधा आधी येते. कामाची, बाजारची भाषा मागाहून येते. तेवढ्या एका वाक्यावर तिने साडेचार महिने काढले होते. त्याला अंघोळ घालताना, भरवताना, कूस बदलताना ती अखंड बोलत असे: कोणाच्या उसाला तोड आली, कोणाची म्हैस व्याली, वरच्या आळीत कोण कोणाशी भांडले. त्याने ओसरीवरून एकदा “ऐकलंस का?” अशी हाक मारावी, एवढेच तिला हवे होते. लग्नाला बावीस वर्षे झाली होती. त्यांतले दरसाल रजेचे दोन महिने तेवढे तिच्या वाट्याला आले होते आणि त्या रजेत ती हाक दिवसातून वीस वेळा येई.

त्यांना मूल झाले नाही. सासूने दुसरी सोयरीक आणली, तेव्हा मानसिंगने भरल्या घरात सांगितले होते, “मला हीच पुरं हाय.” गावातल्या बायका अजून आपापल्या नवऱ्यांना ते ऐकवीत. मनुबाईने ते कधी कोणाला ऐकवले नाही. तिला तशी गरजच पडली नव्हती.

“यांच्या पलटणीतले कोणी ओळखीचे आहे का?” स्वप्नाबाईंनी विचारले.

होते. भाऊसो बाहेरच्या बाकावरच बसला होता. तो शेजारच्या गावचा. आसामात मानसिंगबरोबर एकाच डेपोत गाड्या चालवलेला. मानसिंगला एस.टी.त चढवायला आणि उतरवायला तो दर मंगळवारी हात देई. हाक ऐकताच तो हसत आत आला.

“काय रं गड्या, पडला का गेर एकदाचा? एक डिरायवर आन् दोन बाया, एवढ्यांनी ढकलल्यावर गाडी चालू व्हनारच!”

मानसिंगने त्याच्याकडे मान वळवली. चेहऱ्यावर ओळख उमटली. “माजनी कोत?” तो म्हणाला. “हुले नेकी?”

भाऊसोचे हसू जागच्या जागी थांबले.

“काय म्हणताहेत?” स्वप्नाबाईंनी वही उघडली.

“कायतरी आपलं... डेपोतलं हाय. गाडी लावली का, आसं इचारतोय.”

मनुबाईने नवऱ्याचा चेहरा पाहिला होता. प्रश्न विचारताना त्याने आवाज खाली आणला होता. शेजारच्या खोलीत कोणी जागे होऊ नये, असा.

“भावजी, गाडीसाठी कुनी असं हळू बोलत न्हाई. माझ्या गळ्याची आन हाय तुमास्नी.”

भाऊसोने टोपी काढून हातात धरली.

“पोरगी कुठं हाय म्हनतोय, वैनी. निजली का म्हनतोय.”

“कुनाची पोरगी?”

“आता सात वरसांची आसंल,” भाऊसो टोपीकडे बघत म्हणाला. “दुसरी बदली त्यानं त्या मायलेकींसाठीच अर्ज करून मागून घेतली हुती, वैनी.”

स्वप्नाबाईंची पेन्सिल थांबली. त्यांचा नियम खरा ठरला होता, आणि या एकाच खोलीत त्यांना तो खोटा ठरायला हवा होता. मानसिंगला मात्र उत्तर हवे होते. त्याने तेच पुन्हा विचारले, मग आणखी एकदा, आणि डाव्या हाताने खुर्चीचा दांडा आपटू लागला. डोळ्यांत पाणी तरळले. शब्द तुटू लागले.

“निजली, हे त्यांच्यात कसं म्हनायचं?” मनुबाईने विचारले.

“ऱ्हाऊ द्या, वैनी.”

“सांगा.”

“हुले.”

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. “हुले,” ती म्हणाली.

मानसिंगचा हात थांबला. सगळा चेहरा सैलावला. बावीस वर्षांत त्याने बायकोला नावाने कधी हाक मारली नव्हती. त्यांच्याकडे तशी रीतच नव्हती. आता त्याने तिचे मनगट धरले आणि स्वच्छ, सुट्या आवाजात म्हटले, “निरू.”

“व्हय,” मनुबाई म्हणाली.