खुली जवारी

"अल्बम भन्नाट झालाय, तहसीन," पुण्याच्या रेकॉर्ड कंपनीचा ईशान फोनवर म्हणाला. "फक्त तिसऱ्या ट्रॅकमधली ती घरघर काढ. लोकांना वाटेल, स्पीकर फाटलाय."

ती घरघर तहसीनने महिनाभर खपून कॉम्प्युटरवर घडवली होती. सगळा ट्रॅक तिच्यावरच उभा होता. पण अल्बम पहिलाच. अडून बसलं तर हातचा जायचा. लॅपटॉप उचलून ती खाली दुकानात आली. अब्बा सतारीची घोडी, तारा टेकतात ती पट्टी, कानशीने घासत होते, तारेत जवारीचा झणकार आणत होते. मिरजेत त्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मुलीच्या यंत्रातल्या संगीताला मात्र त्यांनी आजवर कान दिला नव्हता.

"अब्बा, एवढं ऐका. खराब वाटतं का?"

हेडफोन लावून त्यांनी डोळे मिटले. आठ मिनिटं ते हलले नाहीत.

"खराब कोण म्हणतं? ही तर जवारी! तार सगळ्यांचीच वाजते, जवारी लागली की बोलते. पण तू भीत भीत लावलीस, बंद राहिली. अजून खुली कर."

तहसीनने घरघर काढायची सोडून दुप्पट केली आणि ईशानला कळवलं, "निघेल तर असाच निघेल."

दोन दिवसांनी त्याचा होकार आला.

अल्बम आला त्या सकाळी मुंबईचे एक नावाजलेले सतारिये दुकानात शिरले. अब्बा मोबाइल कानाशी धरून बसले होते. त्यांनी नुसता हात वर केला.

"जरा बसा, पंडितजी. पोरीचं वाजतंय."